खटक्याची साक्ष

एप्रिल १८५० मध्ये ‘मेडिया’ नावाची आरमारी आगबोट मुंबई बंदरातून इंग्लंडकडे निघाली. तिच्यावरच्या एका पेटीत काय आहे, हे बोटीवरच्या बहुतेकांना माहीत नव्हतं. पेटीत कोहिनूर होता. लाहोरच्या तहात बाल महाराजा दलीपसिंगाकडून घेतलेला हा हिरा गव्हर्नर जनरल डलहौसीने कंबरेच्या पट्ट्यात शिवून स्वतः मुंबईपर्यंत आणला होता आणि बोटीची वाट पाहत तो जवळजवळ दोन महिने मुंबईच्या सरकारी खजिन्यात होता. पुढच्या वर्षी लंडनच्या हाइड पार्कात काचेचा प्रचंड महाल उभारून जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा हिरा लोकांना दाखवायचा ठरला. तो सांभाळायचं काम ‘चब’ या कुलूप-तिजोऱ्यांच्या कंपनीकडे गेलं. चबने सोनेरी पिंजऱ्यासारखी जाळी केली. दिवसभर हिरा जाळीत दिसे आणि संध्याकाळी खालच्या लोखंडी पेटीत उतरे. इंग्लंडमध्ये चबचं कुलूप हा तेव्हा विश्वासाचा शेवटचा शब्द होता.

हिरा त्या जाळीत असतानाच, २२ जुलै १८५१ रोजी, वेस्टमिन्स्टरमधल्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर ३४ क्रमांकाच्या घरात काही प्रतिष्ठित मंडळी जमली. तिथल्या तिजोरीखोलीच्या लोखंडी दाराला चबचं कुलूप होतं. आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने दोन-तीन बारीक हत्यारं काढली आणि सुमारे पंचवीस मिनिटांत ते उघडलं. मंडळींनी सांगितलं, आता याच हत्यारांनी परत लावून दाखव. त्याला सात मिनिटं लागली. कुलपाला ओरखडाही आला नव्हता. हॉब्जने आदल्या दिवशी चब कंपनीला पत्र पाठवून हजर राहायचं निमंत्रण दिलं होतं, पण कंपनीकडून कोणी आलं नाही. जमलेल्या मंडळींनी पाहिलेलं लिहून काढलं, खाली सह्या केल्या आणि ती बातमी लंडनभर झाली.

या घटनेचं खरं मोल समजायला कुलपाच्या पोटात शिरावं लागतं. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ‘सात लिव्हरचं द्या’ असं सर्रास म्हटलं जातं. असं एक जुनं, गंजलेलं कुलूप मी एकदा रिव्हिटा कापून उघडलं होतं. आत पितळेच्या सात पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या होत्या. सगळ्या एकाच खिळ्याभोवती फिरणाऱ्या, प्रत्येकीच्या मागे तारेसारखी स्प्रिंग, आणि प्रत्येकीच्या कडेला एक खाच, पण दरएकीची वेगळ्या उंचीवर. कुलपाच्या दांड्यावर एक चौकोनी खुंटी होती. किल्ली फिरली की तिचा एकेक दात एकेका पट्टीला बरोबर तेवढंच उचलतो, सातही खाचा एका रेषेत येतात, खुंटी त्या फटीतून आत सरकते आणि दांडा सुटतो. एखादी पट्टी केसभर खाली राहिली तरी खुंटी अडते, केसभर वर गेली तरी अडते.

ही दुहेरी अडवणूक रॉबर्ट बॅरन या इंग्रजाची. त्याने १७७८ साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी युरोपातल्या कुलपांची भिस्त आतल्या पक्क्या आडकाठ्यांवर असे. किल्लीला त्या चुकवून जाणारे काप असत. पण कोऱ्या किल्लीला मेण फासून ती आत फिरवली की आडकाठ्यांचे वळ मेणावर उमटत, आणि मग कानशीने तेवढंच घासून दुसरी किल्ली तयार. आडकाठी जागची हलत नाही, म्हणून तिचा ठसा घेता येतो. बॅरनने अडवणारा भागच हलता केला. कुलपांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी आहे असं मला वाटतं. पुढची सत्तर वर्षं जे काही घडलं ते या हलत्या पट्ट्यांभोवतीच घडलं.

बॅरननंतर सहा वर्षांनी, १७८४ मध्ये, जोसेफ ब्रामाने आपल्या कुलपाचं पेटंट घेतलं. ब्रामा यॉर्कशायरचा, मूळचा सुतार. त्याच्या कुलपाची किल्ली म्हणजे एक बारीक नळी, तोंडाशी कमी-जास्त खोलीचे काप असलेली. आत गोलाकार मांडलेल्या सरकपट्ट्या असत. किल्ली दाबली की प्रत्येक सरकपट्टी आपापल्या खोलीपर्यंत आत जाई, सगळ्यांच्या खाचा एका चकतीच्या पातळीवर येत आणि मगच मधला गोल फिरे. कल्पना सुंदर होती, पण ती हाताने घडवायला अशक्यप्राय. एवढ्या लहान सरकपट्ट्या, एवढ्या नेमक्या खाचा, आणि त्याही शेकडो कुलपांसाठी! तेव्हा ब्रामाच्या कारखान्यात १८ वर्षांचा हेन्री मॉडस्ले दाखल झाला. या पोराने कुलपाचे भाग कापणारी यंत्रंच बनवली. पुढे यांत्रिक लेथच्या इतिहासात मॉडस्लेचं नाव मोठं झालं, त्याच्या हाताखालून इंग्लंडचे नामांकित यंत्रकार तयार झाले. त्या सगळ्याची एक मोठी सुरुवात अशी कुलपाच्या खाचांपासून झाली.

ब्रामाने १७९० मध्ये अठरा सरकपट्ट्यांचं एक खास कुलूप पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत मांडलं. सोबत आव्हान होतं: हे कुलूप उघडणारं हत्यार जो करील त्याला २०० गिनी रोख. अठरा पट्ट्यांच्या जुळण्या कोट्यवधी होतात, तेव्हा अंदाजाने कोणी उघडेल ही भीती नव्हती. १८१४ मध्ये ब्रामा वारला. मुलांनी धंदा चालवला, पाटी तशीच राहिली. १८१७ साली त्याच कारखान्यातून आणखी एक युक्ती निघाली. खऱ्या खाचेच्या आजूबाजूला उथळ, खोट्या खाचा कापायच्या. चोराचं हत्यार खोट्या खाचेत अडकलं की त्याला वाटावं, हीच खरी.

१८१७ मध्येच पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारने स्पर्धा जाहीर केली: स्वतःच्या किल्लीशिवाय कशानेच न उघडणारं कुलूप करा. जेरेमाया चबने पुढच्या वर्षी जे कुलूप दिलं त्यात लिव्हर होतेच, शिवाय एक नवा स्प्रिंगचा खटका होता, नाव ‘डिटेक्टर’. कुठलीही पट्टी हव्या त्या उंचीपेक्षा जास्त उचलली गेली की हा खटका तिला पकडून ठेवी आणि दांडा जागीच जखडे. मग मालकाने खरी किल्ली लावली तरी कुलूप उघडत नसे, आणि त्यावरून मालकाला कळे की आपल्या पाठीमागे कोणीतरी कुलपाशी खेळलं आहे. आधी खटका सोडवायला वेगळी किल्ली लागे. १८२४ मध्ये सुधारणा झाली आणि खरी किल्ली एकदा उलटी फिरवून तो सोडवता येऊ लागला.

ही कल्पना माझ्या मते फार मोठी होती. तोपर्यंत कुलूप फक्त आड येत होतं, आता ते घडलेलं सांगू लागलं. पोर्ट्समथला उभ्या असलेल्या एका तुरुंग-जहाजावर धंद्याने कुलूपवाला असलेला एक कैदी होता. त्याला हे कुलूप देण्यात आलं. उघडलंस तर सरकारकडून माफी आणि चबकडून १०० पौंड. दोन-तीन महिने त्याने जिवाचं रान केलं आणि अखेर हात टेकले. स्वातंत्र्य समोर ठेवलेल्या माणसाला जे जमलं नाही ते आणखी कोणाला जमणार, असंच लोकांनी धरलं. तेहेतीस वर्षं तो समज टिकला.

हॉब्जचा जन्म १८१२ सालचा, गाव बॉस्टन. न्यूयॉर्कच्या ‘डे अँड न्यूवेल’ कंपनीचं कुलूप घेऊन तो प्रदर्शनाला आला होता. अमेरिकेत बँकांमध्ये जाऊन तिथली कुलपं अधिकाऱ्यांसमोर उघडून दाखवायची आणि मग आपलं विकायचं, ही त्याची पद्धत. त्याला जे उमगलं होतं ते असं.

खुंटी आणि पट्ट्या नेमक्या घडवलेल्या असल्या, तरी कोणतेही सात पितळी तुकडे अगदी तंतोतंत सारखे होत नाहीत. कुलपाच्या दांड्यावर बाहेरून सतत जोर ठेवला, म्हणजे तो उघडण्याच्या दिशेने ढकलत राहिलं, की खुंटी सगळ्या पट्ट्यांवर सारखी दाबली जात नाही. जी पट्टी किंचित पुढे आहे तीच पहिली चिमटीत सापडते. आता तारेने एकेक पट्टी हलवून पाहायची. बाकीच्या स्प्रिंगवर सहज लवतील, एक घट्ट लागेल. तिला हळूहळू उचलायचं. तिची खाच खुंटीसमोर आली की दांडा जरासा सरकतो आणि ओझं दुसऱ्या पट्टीवर जातं. मग ती घट्ट लागते. अशा रीतीने पट्ट्या एकामागून एक आपली उंची स्वतःच सांगतात. कोट्यवधी जुळण्यांतून शोध घ्यायची गरजच उरत नाही. जो भाग अडवतो त्याला दाब सोसावा लागतो, आणि दाब सोसणारा भाग बोटांना कळतो. हॉब्जने दांड्यावर टेकवलेल्या हत्याराला वजन टांगलं होतं, म्हणजे जोर एकसारखा राहतो आणि दोन्ही हात ऐकायला मोकळे होतात.

आणि चबचा डिटेक्टर? साध्या लिव्हरच्या कुलपात पट्टी जास्त वर गेली की कमी, हे चाचपणाऱ्याला चटकन कळत नाही. डिटेक्टरने ती अडचण दूर केली. खटका पडला म्हणजे पट्टी मर्यादेपलीकडे गेली, हे निःसंशय. मग खटका उलटा फिरवून सोडवायचा आणि पुन्हा सुरुवात करायची, या वेळी मर्यादा माहीत असताना. मालकासाठी ठेवलेला साक्षीदार चोरालाही तितक्याच इमानाने साक्ष देत होता. तुरुंग-जहाजावरच्या त्या कैद्याला हे सुचलं नाही याचं मला वाईट वाटतं. खटका पडला की आपण हरलो असं तो समजत असणार.

दोन दिवसांनी, २४ जुलैला, हॉब्ज ब्रामाच्या दुकानाच्या माडीवर बसला. खिडकीतलं कुलूप लाकडी फळ्यांत असं बसवलं होतं की फक्त किल्लीचं भोक उघडं राहावं. तीन पंच नेमले होते: इंजिनिअर जॉर्ज रेनी, किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक कूपर आणि केंटकीचे ब्लॅक. मुदत तीस दिवसांची. ब्रामाचं कुलूप चबपेक्षा कितीतरी अवघड होतं. सरकपट्ट्या अठरा, भोक बोटाच्या टोकाएवढं, वर खोट्या खाचा. हॉब्जने लाकडावर स्क्रूने एक चौकट पक्की केली. तिने आतली मुख्य स्प्रिंग दाबून धरली आणि गोलावर फिरवण्याचा जोर कायम ठेवला. मग एका बारीक सळईने तो एकेक सरकपट्टी दाबून पाहू लागला, कोणती चिमटीत आहे, कोणती मोकळी. कोणती किती आत गेली याची मापं तो घेत होता. खोटी खाच लागली की पट्टी थोडीशी डगमगे, खऱ्या खाचेत ती डगमग वेगळी असे. मधे कंपनीच्या आक्षेपांमुळे काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. २३ ऑगस्टला कुलूप उघडलं. एकूण सोळा दिवस, ५१ तास. नंतर पंचांसमोर त्याने ते पुन्हा उघडून दाखवलं, आणि खरी किल्लीही पूर्वीसारखीच चालली, म्हणजे आत काहीही मोडलं नव्हतं.

ब्रामा कंपनीने निषेध नोंदवून २०० गिनी दिल्या. कंपनीचं म्हणणं असं की माडीवरची निवांत खोली, पक्की चौकट, सोळा दिवस, एवढी सवलत कुठल्या चोराला मिळते? वर्तमानपत्रांतही हाच सूर निघाला. हे म्हणणं व्यवहारात खरं आहे. ५१ तास कोणाच्या दाराशी उभं राहता येत नाही. पण खिडकीतल्या पाटीवर वेळेची अट कधीच नव्हती. साठ वर्षं गिऱ्हाइकांना दाखवलेला दावा कुलूप उघडताच येत नाही हा होता, उघडायला उशीर लागतो हा नव्हता. पंचांनी निकाल त्या दाव्यावर दिला आणि तो बरोबर होता.

दुसरा वाद जास्त खोल आणि आजही चालू असलेला. हॉब्जने ही विद्या चोरांच्या हाती दिली, असं अनेकांना वाटलं. त्यावर उत्तर १८५३ मध्ये छापलं गेलं. हॉब्जच्या साहित्यावरून चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेलं कुलपांच्या रचनेवरचं एक लहान पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यातला युक्तिवाद असा की चोर आपल्या धंद्यात तरबेज असतात, त्यांना हे आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो पैसे मोजून कुलूप घेणारा सज्जन माणूस. आज संगणकाच्या सुरक्षेबद्दल वाद होतो तेव्हा जाणकार याच पुस्तकाचा हवाला देतात. मी या वादात निःसंदिग्धपणे हॉब्जच्या बाजूचा आहे. डिटेक्टरमधला दोष १८२४ पासून तिथेच होता. कोणी बोललं नाही म्हणून तो नाहीसा झाला नव्हता.

हॉब्जनेही स्वतःच्या कुलपाला त्याच कसोटीवर ठेवलं, हे नोंदवायला हवं. डे अँड न्यूवेलचं कुलूप उघडणाऱ्याला त्याने २०० पौंड जाहीर केले. गार्बट नावाच्या इंग्रज कारागिराला ते सुटं करून आतून पाहायलाही दिलं. तीस दिवसांत त्याला ते उघडता आलं नाही. पण काही वर्षांतच अमेरिकेत लायनस येल याने तेच कुलूप उघडून दाखवलं. येल घराण्यातल्याच धाकट्या लायनसने १८६१ आणि १८६५ मध्ये ज्या कुलपाची पेटंटं घेतली, ते आज घरोघरी लॅचमध्ये आहे: चपटी, करवतीसारख्या काठाची किल्ली आणि आत स्प्रिंगवर उभ्या बारीक पिना. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपात अशाच खुंट्या स्वतःच्या वजनाने खाली पडून अडसर धरत. येलने त्यांना स्प्रिंग दिली आणि लहान केलं. दाब देऊन चाचपायची हॉब्जची रीत या कुलपालाही लागू पडते, म्हणून पिनांनाही आज मधे कंबर काढून खोट्या खाचा दिलेल्या असतात.

बँकांचं दुखणं मात्र वेगळं होतं. कुलूप चाचपण्याऐवजी दरोडेखोर रोखपालालाच घरून उचलून आणू लागले. त्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंटने १८७३ मध्ये घड्याळाला कुलपाशी जोडलं. ठरलेले तास पुरे होईपर्यंत घड्याळाचा आडवा हात दांड्याच्या वाटेतून हटतच नाही. खरी किल्ली असो, खरा मालक असो, सकाळ झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. १८७४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या मॉरिसन गावच्या बँकेत असं पहिलं कुलूप बसलं. या खटक्याला बाहेरून किल्लीचं भोकच नाही, म्हणून त्याच्यावर बोट ठेवून काही ऐकायची सोयही नाही.

हॉब्जने लंडनमध्येच कंपनी काढली आणि यंत्रांवर कुलपं बनवून विकली. १८६० च्या सुमारास तो अमेरिकेला परतला, उरलेलं आयुष्य शिलाई यंत्रं आणि काडतुसांच्या कारखान्यांत घालवलं आणि १८९१ मध्ये वारला.

मुंबईत या विद्येची स्वतःची शाखा निघाली ती १८९७ मध्ये. अर्देशीर गोदरेज वकिली सोडून, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा पहिला प्रयत्न फसल्यावर, शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून कुलपांकडे वळले आणि लालबागला शेड घेऊन लिव्हरची कुलपं करू लागले. लिव्हरच्या कुलपाची दुखरी जागा त्यांनी नेमकी ओळखली: मागची ती बारीक स्प्रिंग. ती मोडली की पट्टी खाली पडते आणि कुलूप निकामी. अर्देशीरांनी स्प्रिंग नसलेलं कुलूप काढलं. पुढे तिजोऱ्या आल्या. आणि ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या प्रयोगाला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी, १९५१ मध्ये, विक्रोळीच्या कारखान्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्या तयार होऊ लागल्या. बाहेरून टांगायचं कुलूप घेतलं तर पेटीची किंमत परवडत नव्हती, म्हणून बंद करायची रचना पेटीतच आतल्या बाजूने बसवली. अशा बारा लाखांहून जास्त पेट्या विक्रोळीहून देशभर गेल्या.